सप्ताहाचं कीर्तन लाइव्ह दाखवताना गजरातच चित्र का फाटतं?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातली कीर्तनं तुम्ही दोन वर्षं यूट्यूबवर लाइव्ह दाखवताय. निरूपण चालू असतं तोवर चित्र स्वच्छ, पण गजर सुरू झाला की सगळं फाटतं, चौकोन चौकोन दिसायला लागतात. गावातल्यांना मोबाइलवर ते चालून जातं. पुण्या-मुंबईचे गावकरी मोठ्या टीव्हीवर बघतात आणि फोन करून सांगतात. यंदा मंडळ ४के कॅमेऱ्याला पैसे द्यायला तयार आहे, तो घ्यावा का, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि व्हिडिओचं तंत्र दर दोन वर्षांनी बदलतं, तर त्यात नेमकं शिकायचं काय, हा दुसरा.

मी १९९८ पासून सातारा-सांगली भागात लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करत आलो. गेली बारा वर्षं लाइव्हचंच काम जास्त असतं: कीर्तनं, कुस्तीची मैदानं, शाळांची स्नेहसंमेलनं, बैलगाडी शर्यती. त्या अनुभवावरून सांगतो, कॅमेरा यंदा घेऊ नका. तेच पैसे मांडवापर्यंत येणाऱ्या इंटरनेटच्या वायरवर, उजेडावर, आवाजावर आणि दोन हार्ड डिस्कवर घाला. असं का म्हणतो हे कळायला व्हिडिओ आतून कसा चालतो ते एकदा नीट बघावं लागेल. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच सापडतं.

आधी हिशेब. फुल एचडी म्हणजे १०८०पी चित्रात १,९२० गुणिले १,०८० इतके ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांहून जास्त. सेकंदाला अशी २५ चित्रं, त्यांना फ्रेम म्हणतात. रंगाची माहिती थोडी कमी ठेवून (आपल्या डोळ्याला रंगातला बारकावा उजेडातल्या बारकाव्यापेक्षा कमी कळतो, म्हणून तशी पद्धतच आहे) काहीही न दाबता हे पाठवायचं म्हटलं तर सेकंदाला साधारण ६२२ मेगाबिट लागतात. तुम्ही ओबीएसमध्ये (लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर) बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायची माहिती, ठेवलाय ४ मेगाबिट. म्हणजे दीडशे वाट्यांतला जेमतेम एक वाटा तुम्ही पाठवता आणि बाकीचं चित्र समोरच्याच्या मोबाइलने त्यावरून उभं करायचं. हे जमतं हीच मोठी गोष्ट आहे. इतकी वर्षं काम करून मला अजून तिचं आश्चर्य वाटतं.

ते जमतं कसं? दोन युक्त्यांनी. पहिली युक्ती एकाच चित्राच्या आतली. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात उजेड कसा चढतो-उतरतो ते काही थोड्या आकड्यांत लिहायचं. बारीक तपशिलाचे आकडे ढोबळ करून टाकायचे. यामागचं गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली मांडलं. अहमद मूळचे बंगळूरचे. जेपीजी फोटोपासून आजच्या कोडेकांपर्यंत (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबायची आणि पुन्हा उलगडायची पद्धत) सगळीकडे त्याच गणिताची कुठली ना कुठली आवृत्ती चालते. तुमच्या टीव्हीवर दिसणारे चौकोन हे तेच चौकोन. आकडे फारच ढोबळ झाले की शेजारच्या दोन चौकोनांची कड एकमेकांशी जुळत नाही आणि ती शिवण डोळ्याला दिसायला लागते.

दुसरी युक्ती वेळेची, आणि कीर्तनात सगळा खेळ तिचा आहे. दर दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र पाठवायचं. त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांत फक्त फरक सांगायचा: हा चौकोन मघा इथे होता, आता चार ठिपके उजवीकडे सरकलाय. निरूपण चाललेलं डोळ्यांसमोर आणा. महाराज एका जागी उभे आहेत, हात आणि चेहरा हलतोय. मागे टाळकरी दोन ओळींत स्तब्ध उभे. विणेकरी स्थिर. मांडवाचं कापड स्थिर. कोडेकला सांगण्यासारखा फरक अगदी थोडा असतो, त्यामुळे ४ मेगाबिटमध्ये महाराजांच्या कपाळावरचा बुक्कासुद्धा स्वच्छ दिसतो.

आणि मग 'विठोबा रखुमाई' सुरू होतं. पंचवीस-तीस टाळकरी एकदम पावली टाकतात, टाळ वर जातात, उपरणी उडतात, पितळेवर दिवे चमकतात. चित्रातला जवळजवळ प्रत्येक चौकोन बदलतो, तोही एकाच दिशेने नाही. मघाचं चित्र सरकवून काम भागत नाही, सगळं नव्याने सांगावं लागतं. पण तुम्ही तर ४ मेगाबिटची मर्यादा घालून ठेवलेली. मग कोडेककडे एकच मार्ग उरतो, आकडे आणखी ढोबळ करायचे. तिथे चित्र फाटतं. यात कॅमेऱ्याचा दोष काहीच नाही. कॅमेऱ्यातून बाहेर येणारं चित्र त्या क्षणीही स्वच्छच असतं. मांडवातल्या लॅपटॉपच्या पडद्यावर बघा, खात्री पटेल.

आता यावरून काय करायचं ते निघतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत महाराजांच्या मागे एलईडी वॉल दिसते आणि तिच्यावर फिरती फुलं, झरे असं काहीतरी सतत चालू आहे. ती फुलं तुमच्या बिटरेटचा मोठा वाटा खातात. तिथे विठ्ठलाचा एक स्थिर फोटो लावा आणि वॉलचा उजेड कमी करा. एवढ्या एका बदलाने गजरातलं चित्र किती सुधारतं ते स्वतः बघा. झगमगणारी माळ कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर न्या. कॅमेरा तिपाईवर असू दे, कारण हातात धरलेला कॅमेरा हलतो तेव्हा स्थिर मांडवही कोडेकच्या लेखी हलता होतो. गजराच्या वेळी झूम करण्याचा मोह टाळा.

उजेडाचं महत्त्व लोकांना पटवून देताना मी थकलो, तरी पुन्हा सांगतो. अंधारात कॅमेरा गेन वाढवतो, म्हणजे आलेला उजेड कृत्रिमपणे वाढवून दाखवतो, आणि चित्रात मुंग्या येतात. त्या मुंग्या प्रत्येक फ्रेमला वेगळ्या जागी असतात. कोडेकला मुंगी आणि टाळ यातला फरक कळत नाही. तो इमानेइतबारे प्रत्येक मुंगीचा हिशेब ठेवायला जातो आणि तुमचे बिट तिथे संपतात. समोरून दोन साधे एलईडी पॅनल लावले, गेन खाली आणला, की तेच ४ मेगाबिट महाराजांच्या चेहऱ्यावर खर्च होतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेमला शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपायचा वेळ, १/५० सेकंद ठेवा, दिवे लुकलुकणार नाहीत. छोट्या सेन्सरचा स्वस्त ४के कॅमेरा अंधाऱ्या मांडवात चांगल्या एचडी कॅमेऱ्यापेक्षा जास्त मुंग्या देतो. घेऊ नका म्हणालो त्याचं हे एक कारण.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सगळं दर दोन वर्षांनी बदलतं असं दिसतं खरं. मी ज्यातून आलो ते सांगतो. १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण फोनच्या तारेवरून चालणाऱ्या त्या इंटरनेटवर व्हिडिओ म्हणजे काडेपेटीएवढी खिडकी आणि मिनिटा-मिनिटाला बफरिंग. २००५ च्या २३ एप्रिलला यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला, प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींपुढे उभं राहून केलेला, एकोणीस सेकंदांचा. तेव्हा चित्र ३२० गुणिले २४० चं आणि ते चालायला ब्राउझरमध्ये फ्लॅश नावाचं जोड-सॉफ्टवेअर लागायचं. पुढच्याच वर्षी गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरना घेतली. आमच्याकडे खेड्यात मात्र तेव्हा व्हिडिओ इंटरनेटवरून येतच नव्हता. तो मेमरी कार्डावरून यायचा. बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपये देऊन कार्ड 'भरून' घ्यायचं, मग एसटीत बसून ब्लूटूथने एकमेकांना द्यायचं. थ्रीजीपी फाइल, १७६ गुणिले १४४ चं चित्र. मी स्वतः तमाशाच्या वगांचं आणि भारुडांचं शूटिंग त्या मापात करून दिलंय.

मग २०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं, पहिले काही महिने फुकट. त्याआधी एक जीबी डेटा लोक महिनाभर जपून वापरायचे. त्यानंतर रोज एक-दीड जीबी हा साधा पॅक झाला. माझ्या धंद्यात इतका मोठा फरक एका वर्षात कधी पडला नव्हता. लग्नाची डीव्हीडी मागणारे लोक लिंक मागायला लागले. २०१९ च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख लोकांनी पाहिला, आणि २०२३ च्या अहमदाबादच्या अंतिम सामन्याला हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि आठवड्या-दीड आठवड्यात रील्स, सप्टेंबरमध्ये शॉर्ट्स भारतात सुरू झाले. आडवं चित्र उभं झालं.

वेग खराच आहे. पण आता तुमच्या लॅपटॉपकडे बघा. तुम्ही पाठवता ते चित्र एच.२६४ मध्ये दाबलेलं आहे. तो कोडेक २००३ चा. ते यूट्यूबपर्यंत जातं आरटीएमपी नावाच्या पद्धतीने, आणि ती फ्लॅश बनवणाऱ्या मॅक्रोमीडियाने फ्लॅशसाठीच बनवली होती. आयफोनने फ्लॅश घेतलं नाही, २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं, २०१५ च्या जानेवारीत यूट्यूबने ते बाजूला ठेवलं, २०२० च्या शेवटी अडोबीने (मॅक्रोमीडिया विकत घेतलेली कंपनी) ते बंद केलं. पण त्याच्या पोटातली ही नळी तुमच्या मांडवात अजून रोज रात्री नऊला चालू होते. वर दिसणारी ॲप बदलतात, बटणांच्या जागा बदलतात, चित्र आडव्याचं उभं होतं. खाली मात्र प्रश्न तोच आहे: चित्र फार मोठं, नळी फार अरुंद, आणि काय सोडायचं ते कुणीतरी ठरवायचं. हे ठरवणं ज्याला कळतं त्याला नवं ॲप चार दिवसांत येतं. शिकायचं ते हेच. मी टेपवर शिकलेलं आजही वापरतो, कारण मिनीडीव्ही टेपही सेकंदाला २५ मेगाबिटमध्येच चित्र दाबून ठेवायची.

आता मोबाइल आणि टीव्ही यांतला फरक. पूर्वी व्हिडिओ म्हणजे एक फाइल असायची, ती सुरुवातीपासून उतरत राहायची, नेट हळू झालं की थांबायची. २००९ मध्ये ॲपलने एचएलएस नावाची व्हिडिओ तुकड्यांत पाठवायची पद्धत आणली आणि पुढे २०१२ मध्ये डॅश नावाचं सर्वमान्य मानक आलं, तेव्हा ही पद्धत पालटली. तुम्ही पाठवलेल्या एका चित्राची यूट्यूब पाच-सहा मापांत रूपांतरं करतं: १०८०, ७२०, ४८०, ३६०, २४०, १४४. प्रत्येकाचे काही सेकंदांचे तुकडे पाडतं. बघणाऱ्याचा मोबाइल प्रत्येक तुकड्याला स्वतः ठरवतो, आत्ता मला कुठलं माप पेलेल. म्हणून आता व्हिडिओ सहसा थांबत नाही, तो धूसर होतो. हे तुकडे कॅलिफोर्नियाहून येत नाहीत; धरणातलं पाणी जसं आधी गावच्या टाकीत येतं आणि मग नळाला, तसे ते आपल्याच नेट कंपनीच्या केंद्रात ठेवलेल्या साठ्यातून येतात. चित्र पंधरा-वीस सेकंद उशिरा दिसतं तेही या तुकड्यांमुळे. प्लेअर दोन-तीन तुकडे हाताशी जमवून मगच सुरू होतो. त्यात तुमची चूक काही नाही.

गावातला माणूस मोबाइलवर ४८० बघतो, पडदा सहा इंची, चौकोन दिसत नाहीत. पुण्यातला माणूस पंचावन्न इंची टीव्हीवर १०८० बघतो. पण त्याचं १०८० कशाचं आहे? तुम्ही ४ मेगाबिटमध्ये आधीच फाडलेल्या चित्राचं, यूट्यूबने पुन्हा एकदा दाबलेलं. दोनदा दाबलं की चौकोनांची शिवण आणखी उसवते. म्हणून त्यांची तक्रार खरी आहे, आणि तिच्यावर इलाज तुमच्या बाजूलाच करावा लागेल.

इलाज असा. तुमचं अपलोड खात्रीने १२ ते १६ मेगाबिट मिळत असेल तर १०८०पी ला ६ ते ८ मेगाबिट ठेवा. तेवढं मिळत नसेल तर सरळ ७२०पी पाठवा, साडेतीन-चार मेगाबिटवर. ७२० मध्ये ठिपके निम्म्याहून कमी, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला बिट जास्त येतात आणि गजरातलं स्वच्छ ७२० हे फाटक्या १०८० पेक्षा टीव्हीवर कितीतरी बरं दिसतं. हे सांगितलं की मंडळाचे लोक नाराज होतात, त्यांना 'फुल एचडी' हा शब्द हवा असतो. दोन्ही करून टीव्हीवर दाखवा, मग वाद राहत नाही. बिटरेट ठरावीक म्हणजे सीबीआर ठेवा, की-फ्रेम दोन सेकंदांवर. आणि अपलोडचा वेग मोजाल त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त कधी वापरू नका.

बघणाऱ्याच्या खिशाचाही विचार करा. सेकंदाला एक मेगाबिट म्हणजे तासाला ४५० एमबी. साधारण दीड मेगाबिटचं ७२० चित्र दोन तासांच्या कीर्तनाला १,३५० एमबी खातं. गावातल्या बाईचा रोजचा पॅक दीड जीबीचा असेल तर नातवाशी व्हिडिओ कॉल करायला काही उरत नाही. म्हणून ती ३६० वर बघते, आणि तिला ३६० मध्येही महाराजांचा चेहरा ओळखू आला पाहिजे. त्यासाठी एकच उपाय: चेहरा मोठा धरा. संपूर्ण मांडव दाखवणारं दृश्य अधूनमधून, बाकी वेळ कंबरेपासून वर. खाली पट्टी लिहाल तर अक्षर जाड आणि मोठं लिहा.

कोडेकबद्दल तुम्ही विचारलंय, एव्ही१ या नव्या कोडेकवर जावं का. थोडक्यात सांगतो. एच.२६४ नंतर २०१३ मध्ये एच.२६५ आणि गूगलचा व्हीपी९ आला. तितक्याच दर्जाला साधारण निम्मे बिट, असं त्यांचं उद्दिष्ट. एच.२६५ च्या पेटंटची मालकी वेगवेगळ्या गटांत वाटली गेली आणि कुणाला किती द्यायचे याचा गुंता झाला. त्याला कंटाळून गूगल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट वगैरे २०१५ मध्ये एकत्र आले आणि २०१८ मध्ये त्यांनी एव्ही१ खुला केला. तो चांगला आहे, पण चित्र त्यात दाबायला फार ताकद लागते. २०२३ पासून ओबीएसमधून यूट्यूबला एव्ही१ पाठवता येतं. मात्र त्यासाठी एव्ही१ मध्ये चित्र दाबू शकणारं ग्राफिक्स कार्ड हवं. तुमच्याकडे असेल तर जरूर करून बघा, गजरात फरक दिसेल. नसेल तर त्यासाठी नवा लॅपटॉप घेऊ नका. यूट्यूब तुमच्या व्हिडिओला कोणता कोडेक देतंय हे बघायचं असेल तर संगणकावर व्हिडिओवर उजवं बटण दाबा आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकच्या नावाची सुरुवात 'एव्हीसी१' दिसली तर एच.२६४, 'व्हीपी०९' म्हणजे व्हीपी९, 'एव्ही०१' म्हणजे एव्ही१. तिथे फ्रेम किती गळाल्या तेही दिसतं. टीव्हीवाल्या गावकऱ्यांची तक्रार तपासायची हीच जागा आहे.

यापुढचं लक्ष देऊन वाचा, कारण माझ्या हातून यात एक कार्यक्रम गेलाय. काल्याचं कीर्तन होतं. सकाळी सात वाजता मांडवात जाऊन सिमकार्डाच्या डोंगलवर वेग मोजला, अपलोड १२ मेगाबिट. निश्चिंत झालो. दहा वाजता कीर्तन सुरू झालं तेव्हा मांडवात पंचक्रोशीतून चार-पाच हजार माणसं आलेली आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. सगळे एकाच टॉवरवर. अर्धे जण स्वतःही स्टेटसला व्हिडिओ टाकत होते. साडेदहाला अपलोड अर्ध्या मेगाबिटवर आलं आणि दहीहंडी फुटली तेव्हा आमचं लाइव्ह बंद होतं. दुबईत बसलेल्या एका मुलाने आईला फक्त ती हंडी दिसावी म्हणून लिंक पाठवली होती. मी रिकाम्या मांडवात तपासणी केली, ही चूक सर्वस्वी माझी.

तेव्हापासून वायरशिवाय मोठा कार्यक्रम घेत नाही. गावात फायबर आता बहुतेक ठिकाणी कुठे ना कुठे पोचलेलं असतं: ग्रामपंचायतीत, शाळेत, केबलवाल्याकडे, एखाद्या दुकानात. तिथून मांडवापर्यंत वायर टाकून घ्या. साध्या लॅन केबलने शंभर मीटरपर्यंत जाता येतं, त्याहून लांब असेल तर केबलवाल्याकडूनच फायबर ओढून घ्या. आठवडाभरासाठी तो फार पैसे घेत नाही, सप्ताहाचं काम म्हटल्यावर कित्येकदा घेतच नाही. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर ठेवा, कारण वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतचा अर्धा मिनिट तुमचं सगळं बंद पाडतो. मोबाइलचं नेट फक्त आडवेळेसाठी, तेही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवून. आणि वेग मोजायचा तो भरल्या मांडवात, आदल्या रात्रीच्या कीर्तनाला.

आवाज. चित्र फाटलं तरी लोक कीर्तन ऐकतात. आवाज फाटला की बंद करतात. कॅमेऱ्याच्या माइकवर कधीही विसंबू नका. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळा ऑक्स (फक्त तुमच्यासाठी स्वतंत्र मिसळलेला आवाज) मागा, मुख्य आउटपुट नको, कारण तो मांडवासाठी आवाज वर-खाली करत राहतो आणि तुमचाही वर-खाली होतो. ऑक्समध्ये महाराजांचा आवाज पुढे, पेटी त्याच्या मागे, पखवाज कमी. पखवाजाची थाप माइकवर अचानक उसळते, तिच्यासाठी ओबीएसमध्ये लिमिटर लावा, तो आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ देत नाही. टाळ आणि श्रोत्यांचा गजर मिक्सरमध्ये नीट येत नाही, तो घ्यायला मांडवाच्या मध्यावर एक वेगळा माइक टांगा आणि थोडासाच मिसळा. त्याशिवाय घरी बसलेल्याला आपण मांडवात आहोत असं वाटत नाही. कॅप्चर कार्डातून (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण) येणारं चित्र आवाजापेक्षा किंचित उशिरा पोचतं. टाळी वाजवून रेकॉर्ड करा, किती मिलिसेकंदांचा फरक आहे तो बघा आणि आवाज तेवढा मागे ढकला. कीर्तनाआधी वेळ भरून काढायला बाजारातली रेकॉर्ड केलेली गाणी लावू नका. अभंग तुकोबांचा असला तरी त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीचा असतो आणि यूट्यूबची यंत्रणा ते लगेच ओळखते.

४के कॅमेऱ्याकडे परत येतो. त्याचा एक उपयोग मात्र खरा आहे, तो लाइव्हसाठी नाही. महाराजांचा एखादा दृष्टांत दीड मिनिटाचा उभा करून शॉर्ट्सला टाकायचा असेल तर आडव्या १०८०पी चित्रातून उभी पट्टी कापल्यावर हातात रुंदी उरते ६०७ ठिपक्यांची. ४के ची रुंदी-उंची दुप्पट, त्यातून तीच पट्टी १,२१५ ची निघते आणि मोबाइलवर भरून दिसते. मंडळाला पुढच्या वर्षी असे तुकडे नियमित टाकायचे असतील, तर उजेड आणि वायर नीट बसल्यावर तेव्हा घ्या. तोवर कुणाच्या तरी चांगल्या मोबाइलवर ४के रेकॉर्ड करा, पण मोबाइल बऱ्याचदा फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे एडिटिंगला घेण्याआधी ती फाइल हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून ठरावीक फ्रेमरेटला बदलून घ्या, नाहीतर पाच मिनिटांनी ओठ आणि आवाज वेगळे पडतात.

राहिल्या हार्ड डिस्क, आणि माझ्या मते तुमच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. २००८ मध्ये मी एका वयोवृद्ध कीर्तनकारांची तीन कीर्तनं मिनीडीव्हीवर घेतली होती. तासाभराची टेप, संगणकात घेतली की १३ जीबी. तेव्हा १३ जीबी म्हणजे केवढी जागा! मी त्यांची छोटी फाइल करून यूट्यूबवर टाकली, दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडून, कारण त्याहून मोठा व्हिडिओ तेव्हा चढत नसे. टेप महाग होत्या. त्याच टेपांवर पुढच्या हंगामात लग्नं घेतली. महाराज दोन वर्षांनी गेले. आज त्यांच्या नातवाकडे आजोबांचं हलतं-बोलतं म्हणून जे आहे ते ते २४०पी चे तुकडे. आवाज बरा आहे, चेहरा मात्र धुक्यात बघावा तसा. पुढे कितीही चांगले कोडेक आले आणि संगणकाने कितीही चेहरा घासूनपुसून दिला तरी तो संगणकाने कल्पनेने काढलेला चेहरा असेल. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मी पुसल्या.

म्हणून लाइव्ह जे जातं तेच रेकॉर्ड म्हणून ठेवू नका. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगचा बिटरेट वेगळा ठेवता येतो, तो २० मेगाबिट ठेवा. दोन तासांच्या कीर्तनाला १८ जीबी, सात रात्री आणि काला मिळून १४४ जीबी. एक टीबीच्या डिस्कमध्ये सहा सप्ताह बसतात. रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये करा, एमपी४ मध्ये नको. साध्या एमपी४ फाइलची सूची शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मधेच वीज गेली तर अख्खी फाइल उघडत नाही, एमकेव्ही मात्र तिथपर्यंतची शाबूत राहते. नंतर ओबीएसमधूनच ती एमपी४ करून घेता येते, दर्जा न घालवता. काल्याच्या संध्याकाळी मांडव उतरायच्या आत दोन्ही डिस्कवर प्रती करा. एक मंडळाच्या कपाटात, दुसरी गावाबाहेर राहणाऱ्या कुणाच्या तरी घरी. वर्षातून एकदा दोन्ही चालू करून फाइली उघडून बघा. आणि फाइलच्या नावात तारीख, महाराजांचं नाव आणि घेतलेल्या अभंगाचा पहिला चरण लिहा; पखवाजाला आणि पेटीला कोण होतं, विणेकरी कोण होते, ते शेजारी एका वहीत.